इसाबिर्येचं बोट

लष्करी राजवटीच्या त्या वर्षांत जिंजा गावात कुणी कुणाकडे बोट दाखवत नसे. रस्ता विचारला तर माणसं हनुवटी पुढे करून दिशा सांगत. बाजारात मासा निवडायचा तर ओठांचा चंबू करून तो त्या माशाकडे वळवत. मोटारतळावर बिननंबराची गाडी थांबायची, आत काळा चष्मा लावलेला एखादा इसम बसलेला असायचा. तो काचेतून एकाकडे बोट करायचा आणि तो माणूस गाडीच्या डिकीत कोंबला जायचा. गेलेला परत आल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. अशा गावात इसाबिर्येच्या वाट्याला नेमकं बोट उचलण्याचं काम यावं, याला काय म्हणावं?

जुळी मुलं झाली तेव्हापासून सगळे त्याला इसाबिर्ये, म्हणजे जुळ्यांचा बाप, म्हणत आणि त्याच्या बायकोला नाबिर्ये. माणूस तसा मूळचाच भित्रा. कोंबडी फडफडली तरी दचकायचा. तळ्याकाठच्या हिंदी लोकांच्या क्लबात तो मैदानावर रूळ फिरवायचा, सामन्याच्या सकाळी काथ्याची मॅट अंथरून खिळे ठोकायचा. मग सरकारनं हिंदी लोकांना देशाबाहेर काढलं. क्लबाचे सेक्रेटरी किल्ल्या त्याच्या हातात देऊन रडत निघून गेले. रूळ फिरवायचं थांबव, असं त्याला कुणी सांगितलं नाही, म्हणून तो फिरवत राहिला.

तिथे मग बालिकोवा मास्तर आले. शाळेत गणित शिकवायचे आणि क्रिकेटचं त्यांना वेड. त्यांनी साखर कारखान्यातले दोन कारकून, एक शिंपी, काही जुने विद्यार्थी असा संघ जमवला. खेळायला सगळे तयार होते, पण पंच व्हायला कुणी तयार होईना.

"तू हो," मास्तर इसाबिर्येला म्हणाले.

"मी? मास्तर, मला बायका-पोरं आहेत!"

"अरे, आउट द्यायचंय, फाशी नाही."

सगळे हसले आणि लगेच गप्पही झाले. दवाखान्यातला जुना पांढरा कोट इसाबिर्येच्या अंगावर चढला. आउट द्यायची वेळ आली की त्याचा हात वर जायचाच नाही. कोपर बरगडीला चिकटलेलं, मूठ छातीपाशी, आणि कोटाच्या बटनाजवळून एक बोट कसंबसं आभाळाकडे निघायचं. बिळातून उंदीर डोकावावा तसं. पोरं त्याची नक्कल करून हसायची.

एके दिवशी लष्करी छावणीतून निरोप आला. कॅप्टन आड्रोमा शाळेत असताना कंपालात क्रिकेट खेळले होते. रविवारी ते आपला संघ घेऊन येणार होते. नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. संघाच्या पाचावर धारण बसली. या कॅप्टनच्या छावणीत नेलेल्या माणसांविषयी गाव कुजबुजतही नसे.

शिंप्याला युक्ती सुचली. "नियम काय आहे, मास्तर? कुणी अपील केलं नाही तर पंचाला आउट देता येत नाही, बरोबर? मग आपण अपीलच करायचं नाही. साहेब खेळू देत अंधार पडेपर्यंत."

सगळ्यांनी मान डोलावली. इसाबिर्येच्या जिवात जीव आला. रविवारी सकाळी तो मॅटचे खिळे ठोकत होता तेव्हा गुणगुणतसुद्धा होता.

कॅप्टन फलंदाजीला आले. आंब्याखाली जीप उभी, बोनेटवर बंदुका टेकवून चार शिपाई बसलेले. दुसऱ्याच षटकात चेंडू बॅटची कड घेऊन यष्ट्यांमागे उभ्या शिंप्याच्या हातमोज्यात गेला. कट् असा आवाज सगळ्यांनी ऐकला. शिंप्यानं चोरीचा माल ठेवावा तसा चेंडू हळूच खाली ठेवला. कॅप्टननं मागे वळून त्याच्याकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे पाहिलं, आणि पुन्हा बॅट टेकवली.

मग मास्तर गोलंदाजीला आले. त्यांचा एक चेंडू मॅटवरून आत वळला आणि कॅप्टनच्या पॅडवर, यष्ट्यांच्या बरोबर पुढ्यात, धप्पकन आदळला. आणि मास्तरांच्या तोंडून आरोळी निघून गेली. आयुष्यभराची सवय ती, ठरलेलं आठवायच्या आत दोन्ही हात उंचावून, गुडघ्यात वाकून, ते इसाबिर्येच्या तोंडासमोर ओरडले होते.

मास्तरांचा चेहरा राखेसारखा झाला. बंदुका बोनेटवरून उचलल्याचा आवाज आला.

आउट दिलं तर आपण संपलो, हे इसाबिर्येला कळत होतं. नाही म्हटलं तर मास्तर कॅप्टनवर उगाच ओरडले असं होणार, मग मास्तर संपले. मास्तर त्याच्याकडे पाहत होते. नाबाद दे, असं ते नुसत्या ओठांनी सांगत होते. स्वतःवर ओढवून घेत होते. पण चेंडू मधल्या यष्टीवर जात होता. इसाबिर्येनं तो पाहिला होता, न पाहिल्यासारखं करणं त्याला जमेना. मूठ छातीपाशी आली आणि बटनाजवळून बोट निघालं.

कॅप्टन चालत आले. अगदी जवळ.

"कुणाकडे दाखवतोयस?"

"कुणाकडेच नाही, साहेब." त्याची बोबडी वळली होती. "वर... नुसतं वर."

कॅप्टन त्या बोटाकडे बराच वेळ पाहत राहिले. मग बॅट काखेत मारून आंब्याकडे चालू लागले.

तीन दिवसांनी भर दुपारी जीप इसाबिर्येच्या दारात आली. "बोट उचलणारा तूच ना?" शिपायानं विचारलं. नाबिर्येनं हंबरडा फोडला नाही, शेजाऱ्यांनी ऐकलं असतं. तिनं उकडलेली रताळी केळीच्या पानात बांधून नवऱ्याच्या हातात कोंबली.

"अहो, खाऊन घ्या हो," एवढंच ती म्हणाली.

त्याला डिकीत घातलं नाही, सीटवर बसवलं. छावणीच्या मागच्या अंगणात एक मॅट वेडीवाकडी, फुगे आलेली, पसरली होती. कॅप्टन पॅड बांधून उभे होते.

"ही नीट अंथर. आणि दर रविवारी यायचं," ते म्हणाले. "माझी माणसं मला आउट देत नाहीत. तीनदा त्रिफळा उडाला तरी म्हणतात, वारा होता साहेब."

त्यानंतर दर रविवारी जीप येई. छावणीत दोन संघ झाले, मग पलीकडच्या गावातल्या पोलिसांचा तिसरा. खेळ वाढत होता आणि इसाबिर्ये वाळत होता. दर रविवारी नाबिर्ये रताळी बांधून देई आणि दर रविवारी मनातल्या मनात विधवा होई. संध्याकाळी तो परत आला की दोघं दार लावून जेवत. कॅप्टनची त्याला भीती वाटे. पण तो माणूस त्याच्या बोटापुढे निमूट चालू लागे, आणि तेवढ्या क्षणी इसाबिर्येला त्याच्याविषयी मायाही वाटे. या मायेचीही त्याला भीतीच वाटे.

एका रविवारी जीप आली नाही. कोट घालून तो उंबऱ्यावर बसून राहिला. गुरुवारी शिंप्यानं बातमी आणली. कॅप्टनच्याच मेसमध्ये कुणीतरी कॅप्टनकडे बोट दाखवलं होतं. इसाबिर्ये ढसाढसा रडला. आणि मग त्याला भान आलं की रविवारी कॅप्टनसोबत कोण असायचं हे साऱ्या गावाला माहीत होतं. त्यानं कोट केळीच्या बागेत पुरला, आणि ती राजवट पडेपर्यंत मैदानाकडे फिरकला नाही.

पुढे दिवस पालटले. क्लबाला नवी मॅट आली, मुलींचाही संघ झाला. म्हातारा इसाबिर्ये पंच तयार करू लागला. त्याच्या हाताखालचा प्रत्येक पंच आउट देताना कोपर बरगडीला लावी, मूठ छातीपाशी घेई, आणि बटनाजवळून बोट आभाळाकडे काढी. का, ते कुणी विचारलं नाही. त्यांना तो नियमच वाटे.

कागोया नावाची त्याची आवडती शिष्या पहिल्यांदा मोठ्या सामन्यात पंच म्हणून उभी राहिली, तेव्हा कंपालाहून आलेले परीक्षक तिला म्हणाले, "अगं, हे काय चोरून दाखवतेस? हात सरळ कर. फलंदाजाला दिसू दे की!"

"आमचे इसाबिर्येबाबा असंच शिकवतात," ती म्हणाली. पण पुढच्या अपिलाला तिनं ऐकलं. हात ताठ पुढे करून फलंदाजावर सरळ बोट रोखलं. टाळ्या पडल्या. सीमारेषेपाशी खुर्चीत बसलेला इसाबिर्ये ताडकन उठला. त्यानं फलंदाजाकडे पाहिलं नाही, कागोयाकडेही नाही. बिननंबराची एखादी गाडी येऊन थांबते का, म्हणून तो फाटकाकडे पाहत राहिला.