खुलताबादचं शास्त्रशुद्ध वर्गीकरण

आमच्या ग्रंथपाल संघाचं वार्तापत्र जेमतेम दोन पानांचं असायचं आणि त्यातलं दीड पान मीच लिहायची. अमुक गावच्या ग्रंथालयाला नवं कपाट मिळालं, तमुक ग्रंथपालांच्या कन्येचा विवाह थाटात झाला, वैजापूरची सभा यशस्वी झाली (म्हणजे जेवण चांगलं होतं), असल्या बातम्या. त्या टाइप करून सायक्लोस्टाइलवर छापायच्या आणि काळ्या बोटांनी घरी जायचं. शिवाय दर रविवारी औरंगपुऱ्यातल्या एका शाळेत संघाचा प्रशिक्षण वर्ग भरे, तिथं मी वर्गीकरण शिकवायची. वय अठ्ठावीस, स्वभाव तापट, आणि आपल्याला सगळं येतं याबद्दल तिळमात्र शंका नाही.

त्या वर्षी वर्गात खुलताबादच्या ग्रंथालयाचे ग्रंथपाल विद्यार्थी म्हणून येऊन बसले. वय चोपन्न. बाकीची मंडळी विशीतली, त्यामुळे सगळे त्यांना काका म्हणू लागले, मग मीही. काका निजामाच्या अमदानीत उर्दूतून शिकलेले. पोलीस ॲक्शननंतर शाळा-कचेऱ्यांतली भाषा बदलली, पण तोवर काकांची शाळा कधीच आटोपली होती. मराठी बोलायचे, भरभरून वाचायचे, लिहायची वेळ आली की मात्र घाम फुटायचा. वर्गातली टिपणं ते उर्दूत घेत. वही उजवीकडून उघडायची. मला ती तपासताच येत नसे, याचाही मला राग यायचा.

या वयात ते हौसेनं आलेले नव्हते. ग्रंथालयाच्या मंडळानं त्यांना स्पष्ट सांगितलं होतं की, या वर्षी प्रमाणपत्र आणा, नाही तर खुर्ची सोडा. सेक्रेटरींचा भाचा प्रमाणपत्र खिशात घालून तयारच होता. काका बावीस वर्षं रोज सकाळी त्या ग्रंथालयाचं कुलूप उघडत आले होते, आणि आता सगळं माझ्या विषयावर अडलं होतं. बाकीचे पेपर ते कसेबसे काढतील अशी आशा होती, पण वर्गीकरणाचे आकडे, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरलेला नंबर, त्यांच्या डोक्यात राहायलाच तयार नव्हते.

मी म्हणायची, "काका, शेती?"

"बाई, आमच्याकडं पुस्तक नंबरानं कोण मागतंय? आमचं सोपं हाय. खिडकीजवळचं कपाट बायांचं. दाराजवळचं म्हाताऱ्यांचं, त्यांना आत चालवत नाय म्हणून."

"परीक्षक तुमची खिडकी बघायला येणार नाहीत," मी फटकारायची. वर्ग हसायचा, काकाही हसायचे. तीन चाचण्यांत ते तीनदा नापास झाले.

तेव्हा मला ती थोर कल्पना सुचली. सगळा वर्गच खुलताबादला न्यायचा आणि एका रविवारात काकांच्या ग्रंथालयाचं शास्त्रशुद्ध वर्गीकरण करून टाकायचं. मुलांना सराव, संघाचं नाव, आणि डोळ्यांसमोर झालेलं काम काकाही विसरणार नाहीत. संघाच्या अध्यक्षांनी टाळी दिली. आम्ही अठराजण पुरी-भाजीचे डबे, डिंकाच्या बाटल्या आणि चिठ्ठ्यांचे गठ्ठे घेऊन एसटीत चढलो. दौलताबादचा घाट चढताना एक डिंकाची बाटली अध्यक्षांच्या धोतरावर सांडली, एवढं सोडलं तर दिवस फार छान गेला. दिवस मावळेपर्यंत एकूण एक पुस्तकाच्या पाठीवर आकडा चिकटला आणि पुस्तकं आकड्यांच्या क्रमानं उभी राहिली. काका सर्वांना चहा देत फिरत होते आणि मधूनच विचारत होते, "हे कुठं गेलं?" वार्तापत्रात मी या उपक्रमाला अर्धं पान दिलं. छापून झाल्यावर ते मीच चार वेळा वाचलं.

पुढचे दोन रविवार काका वर्गाला आलेच नाहीत आणि पंधरा दिवसांत त्यांचं पोस्टकार्ड आलं. कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. "आपण सर्वांनी फार कष्ट घेतले, आभारी आहे. आता मला एकही पुस्तक सापडत नाही. एक दिवस सवडीनं येऊन दाखवावे."

आधी माझा पारा चढला. मग रजा टाकली आणि गेले.

सकाळी काकांच्या शेजारी टेबलाशी बसले. पहिली बाई आली, हातात डाळीची पिशवी. "माझ्या जावेनं परवा नेलं होतं ना, लाल पुठ्ठ्याचं, ते द्या." पूर्वी काकांनी बसल्या जागेवरून हात लांब केला असता. आता त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी तालिकेचा, म्हणजे पुस्तकांच्या कार्डांचा, खण ओढला आणि लेखकाचं नाव विचारलं. तिला ठाऊक नव्हतं. पुस्तकाचं नाव? "लाल पुठ्ठ्याचं," ती पुन्हा म्हणाली. मी कार्डं चाळतेय तोवर ती निघून गेली. मग एक म्हातारे काठी टेकत आले. त्यांचा शेताच्या बांधावरून दावा चालू होता आणि ते कायद्याची पुस्तकं वाचत. कायदा आम्ही आतल्या खोलीत, वरच्या फळीवर नेऊन ठेवला होता. ते पायरीवरच टेकले, पाणी प्यायले आणि उठून गेले. दुपारपर्यंत पाचजण परत गेले.

"बावीस वर्षांत माझ्याकडून कोणी रिकाम्या हातानं गेलं नव्हतं," काका म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता, आणि म्हणूनच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तोही अर्ध्या पानाच्या बातमीसकट.

दुपारी दार लोटून आम्ही चहा घेत बसलो. काही तरी बोलायचं म्हणून मी विचारलं, इथं कोण काय वाचतं? काका खुलले. शाळेतल्या मास्तरांची बायको रोज नवं काही रांधते, तिला पाककृती लागतात. एसटीचा कंट्रोलर लोकांच्या पत्रिका बघतो. एका घरच्या सूनबाई पुस्तकात बघून झंपर शिवतात.

"पाककृती म्हणजे सहाशे एक्केचाळीस," मी सवयीनं बोलून गेले.

काका थांबले. "म्हणजे सहाशे एक्केचाळीस म्हणजे मास्तरांची बायको?"

"तसंच म्हणा."

"मग असं सांगायचं की बाई, इतके दिवस. माणसं मी विसरत नाय."

त्यांनी वही उजवीकडून उघडली आणि आम्ही अख्खं खुलताबाद आकड्यांवर बसवलं. कंट्रोलर एकशे तेहतीस, झंपरवाल्या सूनबाई सहाशे सेहेचाळीस, काठीवाले तीनशे चाळीस. निघण्याआधी आम्ही दोघांनी मिळून कायद्याची पुस्तकं दाराजवळच्या कपाटात आणली. आकडा तोच राहिला, कपाट तेवढं बदललं. पाच वर्षं मी हा विषय शिकवत होते आणि असं करता येतं हे मला त्या दिवशी सुचलं.

लेखी परीक्षेत काका काठावर तरले. तोंडी परीक्षेला पुण्याचे परीक्षक आले, कडक म्हणून नावाजलेले. दहा पुस्तकं समोर ठेवणार, आठांचे आकडे बरोबर आले तरच पास. मी शेजारी बसले होते, पण तोंड उघडायची मुभा नव्हती.

पहिलं पुस्तक स्वयंपाकाचं. काका डोळे मिटून पुटपुटले, "मास्तरांची बायको... सहाशे एक्केचाळीस." परीक्षकांनी चमकून माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. "काठीवाले... तीनशे चाळीस." आठवं पुस्तक जहाजबांधणीचं निघालं. तोवर सात बरोबर आले होते. काकांनी ते उलटसुलट करून पाहिलं. मराठवाड्यात जहाज कोण बांधणार? माझी जीभ वळवळत होती, ती मी दातांखाली धरली.

"साहेब, याचा वाचक आमच्याकडं अजून आला नाय. आला की आकडा ध्यानात राहील."

परीक्षकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ही सगळी माणसं कोण, म्हणून विचारलं. बाहेर रांग खोळंबलेली, आणि आत काका पाव तास आपले वाचक सांगत होते. नववं पुस्तक ताऱ्यांचं होतं. त्याचाही वाचक नव्हता, ते चुकलं. आता सगळं दहाव्यावर होतं. परीक्षकांनी ठेवलं कोंबड्या पाळण्याचं पुस्तक. काका हसले. "ही तर माझी धाकटी बहीण. सहाशे छत्तीस."

संध्याकाळी निकाल लावला आणि व्हरांड्यात जाऊन मीच त्यांना सांगितलं, "काका, पास झालात."

ते हसले नाहीत. पिशवी घट्ट धरून उभे राहिले. "म्हणजे उद्या सकाळी कुलूप मीच उघडायचं ना, बाई?"

"तुम्हीच."

त्यांनी पिशवीतून एक बंद पाकीट काढलं. त्यावर त्यांच्या हातच्या मराठी अक्षरांत सेक्रेटरींचं नाव होतं. माझ्यासमोरच त्यांनी ते फाडलं, आतली ग्रंथालयाची किल्ली काढून सदऱ्याच्या खिशात टाकली आणि साडेपाचची गाडी चुकेल म्हणून झपाझप निघाले.