झाड सखुबाईचं

काल आमच्या तलवाड्यात शेताची मोजणी होती. निजाम सरकारचा गिरदावर, म्हणजे मोजणीचा अंमलदार, घोड्यावरून आला, आणि निम्मं गाव आमच्या बांधावर जमा झालं... मी भाकरी घेऊन गेले होते, ती तिथंच थांबले.

गेल्या पुरात हद्दीचा दगड वाहून गेला. एका बाजूला आमचं रान, दुसऱ्या बाजूला सखुबाईचं, आणि मधे आंब्याचं झाड. यंदा असं लगडलंय की फांद्या जमिनीला टेकल्यात!

सखुबाई विधवा बाई, पण तोंडानं फटकळ. तिच्या शेळ्या आमच्या ज्वारीत शिरतात, म्हणून मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, गावाच्या अण्णांचं, तिच्याशी रोजचं वाजतं. मामंजीही काही कमी नाहीत... शिवी ओठावर, आणि कीर्तनात बसले की पहिल्या अभंगालाच पेंगायला लागतात. त्यांना कोणी देवमाणूस म्हटलं असतं, तर परवापर्यंत मीच हसले असते.

गिरदावर म्हणाला, "जुन्या माणसांनी हद्द दाखवा." सखुबाईला कंटाळलेली माणसं एकमुखानं बोलली, "झाड अण्णांचंच हाय, साहेब." सासूबाईंचा चेहरा खुलला. सखुबाई मात्र, कधी नव्हे ते, मान खाली घालून उभी होती... तिच्या बाजूनं बोलायला होतंच कोण?

साखळी ताणली गेली, आणि मामंजी एकदम पुढं झाले.

"थांबा साहेब. दगड झाडाच्या अल्याड व्हता. माझ्या बापानं मला हातानं दाखवलता."

गिरदावर म्हणाला, "सोच लो. झाड जाईल तुमचं."

"माझं न्हाईच, तर जाईल कसं? ही बाई लई भांडखोर हाय, साहेब. माझं डोकं खाती. पर झाड तिचंच हाय!"

गिरदावर इतका हसला की पगडी सावरावी लागली. झाड सखुबाईच्या हद्दीत गेलं... सासूबाई तरातरा पुढं चालत एकट्याच घरी गेल्या.

दिवेलागणीला सखुबाई दारात आली. डोक्यावर पाडाच्या आंब्यांची पाटी. ती खाली ठेवली. पदरानं नुसते डोळे पुसत राहिली.

मामंजी अवघडले. "आता रडतीस कावून? आंबे आंबट निघाले का?"

सखुबाई रडता रडता फिसकन हसली. मग सासूबाई हसल्या, मी हसले... सासूबाईंनी तिचा हात धरून तिला ओसरीवर बसवलं, आणि आम्ही सगळ्यांनी कोपरापर्यंत रस ओघळेस्तोवर आंबे खाल्ले.

मला या घरात येऊन अजून वर्षही झालेलं नाही. आज सकाळी देवापुढं दिवा लावला, तर मागायला काही सुचेचना... नुसते हात जोडले.