अक्का आणि नर्सबाईंची फेरी

सकाळी मुली शाळेत शिरत तेव्हा अक्का दारातच उभ्या असत. प्रत्येकीची हनुवटी उचलायच्या, अंगठ्याने खालची पापणी ओढून आत पाहायच्या, शेजारच्या घंगाळात हात धुवायच्या आणि पुढचीला बोलवायच्या. मी नोकरी मागायला गेले त्या दिवशी त्यांनी माझेही डोळे असेच पाहिले. "लाल नाहीत. जा, तिसरीचा वर्ग घे," म्हणाल्या. माझी मुलाखत तेवढीच.

धुळ्यातली ती मुलींची खासगी शाळा अक्कांनी वैधव्यानंतर राहत्या घरातच काढली होती. गावात धूळ आणि माश्या उदंड, त्यामुळे खुपऱ्या घरोघरी. पापणीच्या आत बारीक दाणे उठत आणि औषध वेळेवर झालं नाही तर बुबुळावर सारा, म्हणजे पांढुरका पडदा, चढे. नगरपालिकेच्या नर्सबाई आठवड्यातून दोनदा फेरीला येत आणि पापण्या उलटून मोरचुदाचा खडा फिरवत. मुली कळवळायच्या. अक्का त्यांचं डोकं पोटाशी धरून म्हणायच्या, "रड, खुशाल रड. रडल्यानं डोळा धुतो. फक्त मिटू नको."

दुसऱ्या वर्षी सुट्टीत मी सत्याग्रहींबरोबर दारूच्या गुत्त्यासमोर निदर्शनाला उभी राहिले आणि तुरुंगात गेले. सुटून आले तेव्हा अक्कांनी काही न विचारता माझा वर्ग मला परत दिला. थोड्याच दिवसांत शाळा तपासणारे सरकारी साहेब आले. या बाईंना काढा, म्हणाले.

"सुट्टीत ती कुठं उभी राहते ते मी बघत नाही," अक्का म्हणाल्या. "वर्गात नीट उभी राहते."

शाळेची मान्यता गेली, तिच्याबरोबर अनुदानही. ते आम्ही धरूनच चाललो होतो. पण पुढच्या आठवड्यात नर्सबाईही आल्या नाहीत. मान्यता नसलेल्या शाळेवर पालिकेचा पैसा खर्च करता येत नाही, असा निरोप आला.

अर्ज-विनंत्यांत दोन महिने गेले. सखू नावाच्या मुलीचा उजवा डोळा धुरकट दिसू लागला. तिचे वडील बळीरामभाऊ टांगा हाकायचे. शेवटी अक्का पालिकेच्या सभेला गेल्या तेव्हा भाऊ आणि मी त्यांच्याबरोबर होतो.

अध्यक्ष अदबीनं बोलले. "अक्का, शाळेतली एक बाई कमी करा. नर्स उद्या सकाळी येईल."

सभागृहातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जाते, एवढं सांगायला मी उठू लागले, तोच अक्कांनी माझं मनगट खाली दाबलं. "बस," त्या म्हणाल्या. मग अध्यक्षांकडे वळल्या. "आज ही बाई नको. उद्या तुम्ही म्हणाल, अमक्याची मुलगी नको. तेव्हा मी कुणाकुणाला काढू?"

"पण सार्वजनिक पैसा खासगी शाळेला कसा द्यायचा?" एका सभासदानं विचारलं.

दाराशी उभे असलेले बळीरामभाऊ बोलले, "साहेब, टांगानी पट्टी मी बी भरस. पोर शाळानी नही, मनी शे."

टांग्याचा कर तेही भरत होते, आणि पोर शाळेची नव्हे, त्यांची होती. नर्सबाईंना पुन्हा आमच्या शाळेत पाठवण्याचा ठराव मताला टाकला, विरोधात जास्त हात वर झाले आणि तो पडला.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर अक्कांनी खुपऱ्या झालेल्या मुली वेगळ्या काढल्या. त्या सगळ्यांना घेऊन स्वतः पालिकेच्या शाळेत, जिथं नर्सबाईंची फेरी चालूच होती, त्यांची नावं घालायला निघाल्या. मी दारात आडवी आले.

"अक्का, मला जाऊ द्या. शाळा मोडेल."

"तू गेलीस तर त्यांना कळेल की मुलींच्या डोळ्यांवर बोट ठेवलं की आपण हलतो. आणि मुली इथं ठेवल्या तर डोळे जातील. मला दोन्ही नको. चल, सखूचा हात धर."

त्या दुपारी निम्मे वर्ग रिकामे होते. अक्का रिकाम्या बाकांसमोरही नेहमीच्याच आवाजात शिकवत राहिल्या. माझ्याकडून फळ्यावर एक ओळ सरळ लिहून होईना.

बळीरामभाऊंनी मात्र पालिकेचा पिच्छा सोडला नाही. प्रत्येक सभेला ते पालिकेच्या दारात टांगा आडवा लावत आणि आत जाणाऱ्या प्रत्येक सभासदाला तेच एक वाक्य ऐकवत. हळूहळू दुसरेही पालक त्यांच्या शेजारी उभे राहू लागले. पावसाळा संपता संपता पालिकेनं ठरवलं की नर्सबाईंनी दर रविवारी दवाखान्यात बसायचं आणि येईल त्या मुलाला औषध घालायचं, त्याची शाळा विचारायची नाही.

बाकीच्या मुली बऱ्या झाल्या. सखूच्या उजव्या डोळ्याची दृष्टी परत आली नाही; औषधाला उशीर झाला होता. गेलेल्या मुलींना परत बोलावू या, असं मी सुचवलं तेव्हा अक्का म्हणाल्या, "तिथं त्यांच्या मैत्रिणी झाल्या असतील. सारखं उपटून लावलं की रोप जगत नाही."

पुढं पुष्कळ वर्षांनी, स्वराज्य येण्याच्या थोडं आधी, अक्का अंथरुणाला खिळल्या. मी तेव्हा जळगावला होते. भेटायला गेले आणि इतकी वर्षं गिळलेला प्रश्न विचारला. "सखूचा डोळा माझ्यापायी गेला ना?"

"तुला काढलं असतं तर वाचला असता. हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "आणि तरी मी तुला काढलं नसतं, हेही खरं आहे. मी दोन्ही घेऊन जगले. आता तू जग."

मग त्यांनी कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. मी पाय चेपत बसून राहिले. संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली तेव्हा त्या झोपल्या होत्या. मी त्यांना उठवलं नाही.