बांगड्यांना लागलेला सेंट

हौसाबाईचे मासे शिळे नव्हते. हे आधी लिहून टाकते, कारण मालवणच्या मेढ्यातल्या आमच्या आळीत सात वर्षं याच्या उलट बोललं गेलं, आणि खरं काय ते माहीत असलेली मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते.

हौसाबाई तिथल्याच किनाऱ्यावरच्या दांडी वस्तीतली. नवरा मचव्यावरून दर्यात गेला तो आलाच नाही. पदरात एक मुलगा, गुरुदास. तिनं टोपली डोक्यावर घेतली आणि त्याला वाढवला. सकाळी नवाच्या सुमाराला ती आमच्या घरापुढच्या खळ्यात यायची, टोपली पायरीवर टेकवायची आणि आपण विचारायच्या आत बांगड्याचा कल्ला उचलून दाखवायची. "बघ, कसो लाल आसा तो." शिळं असेल ते सरळ सांगायची, "ह्या घेव नको, कालचा आसा." अशी बाई. आणि तिचे काही नियम होते. सकाळची अंघोळ नुसत्या पाण्यानं, साबण लावायचा तो संध्याकाळी, टोपली धुऊन पालथी घातल्यावर. मी एकदा हसले तर म्हणाली, "गिरायक नाकान मासे घेता, वयनी. आमच्या अंगाक दुसरो वास इलो की संपला."

मी एकोणसाठ साली लग्न होऊन इथे आले ती कुडाळच्या आतल्या गावातून. भात, काजू, नाचणी यातलं सगळं कळत होतं. माशातलं मात्र शून्य. पेडवे कुठले आणि तारली कुठली, हे मला हौसाबाईनं शिकवलं. सासूबाईंनी शिकवलं नसतं असं नाही, पण त्यांच्या शिकवण्यात माझं माहेर अधूनमधून यायचं. नवरा मुंबईला एका कचेरीत. गणपतीला आणि मे महिन्यात, असे वर्षाचे महिनाभर दिवस तो घरात. बाकी घर सासूबाईंचं आणि त्यांच्या नाकाचं. त्या नाकाला शेजारच्या घरातली करपलेली फोडणीसुद्धा आधी कळायची.

साठ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. गुरुदास तोवर मुंबईच्या एका बोटीवर खलाशी झाला होता. दूरदेशी जाऊन पहिल्यांदा घरी आला तो आईसाठी सेंटची बाटली घेऊन. लुगडं आणायचं सोडून हे आणलं म्हणून हौसाबाईनं त्याला चार शिव्या दिल्या असणारच. पण दुसऱ्या दिवशी ती बाटली फडक्यात गुंडाळून, कमरेला खोचून आमच्याकडे आली. सासूबाई देवळात गेलेल्या. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि फडकं माझ्यापुढे केलं. अंगठ्याएवढी हिरवी बाटली होती.

"माका काय करूचा ह्या? घोव नाय, आणि डोक्यार माशांची टोपली. तू वायच हाताक लाव, वयनी. माज्या झिलान काय हाडल्यान, ता दुसऱ्याच्या हाताक तरी बघतंय."

बूच उघडायलाही तिनं मलाच लावलं. स्वतःचं बोट लागू दिलं नाही. मी मनगटावर दोन थेंब ओतले, पुन्हा दोन. हात हावरा, दुसरं काय! आधी लिंबाची साल नखानं खरवडल्यासारखा झणका नाकात गेला. मग हिरवा वास, ओली काडी मोडल्यावर येतो तसा. मी ओटीवर इकडून तिकडे फिरले तेव्हा हळूच फूल आलं. मोगरा नव्हे, सुरंगी तर नव्हेच. माझ्या माहेरी पपनसाचं झाड होतं. त्याच्या फुलांच्या जवळ जाणारा काहीतरी वास होता तो. लग्न झाल्यापासून माझ्या अंगाला धूर, खोबरेल आणि मासे याशिवाय वास आला नव्हता. मला एकदम आपण कुणीतरी आहोत असं वाटलं. हौसाबाई हातभर लांबून, मान पुढे काढून वास घेत होती आणि हसत होती. "बरो आसा गो," म्हणाली. एवढंच. मग सहा बांगडे मोजून दिले, बाटली कमरेला खोचली, मी टोपली उचलायला हात दिला आणि ती गेली.

ही चैन अर्धा तास टिकली. मग भान आलं. सासूबाई येणार, आणि पहिला प्रश्न काय येणार हे मला पाठ होतं: नवरा मुंबईला, मग हा सेंट कोणासाठी? या प्रश्नाला उत्तर नसतं. मी मनगट राखेनं घासलं, चिंचेनं घासलं. वास जाईना, उलट चोळून जास्तच उमलला. शेवटी मला अक्कल सुचली. आज मासे आहेतच, ते साफ केले की माशाच्या वासात हा वास जाईल! मी ते सहा बांगडे कापले, धुतले, मीठ-हळद चोळली आणि मुद्दाम मनगटापर्यंत हात त्यात बुडवून बसले. एवढा मूर्खपणा माशातलं कळणाऱ्या बाईनं केला नसता.

सासूबाई आल्या. त्यांची सवय अशी की मासा मडक्यात पडायच्या आधी ताट नाकाशी न्यायचं. त्यांनी ते नेलं आणि तिथेच थांबल्या.

"जानके, बांगड्यांक कसलो वास येता गो?"

"माशांचोच असतलो, आई."

"माशांचो वास तू माका शिकव नको. सेंटाचो वास ह्यो. हौसान शिळे बांगडे सेंट मारून दिल्यान!" मग माझ्याकडे वळल्या. "का तू लावलंस?"

"मी खंयसून हाडू सेंट?" मी म्हटलं.

मी कुठून आणू सेंट, यात शब्दाने खोटं काही नाही, हे मी पुढे कितीतरी वेळा स्वतःला सांगितलं. सासूबाईंनी ताट उचललं आणि बांगडे माडाच्या आळ्यात ओतले. गडग्याच्या भिंतीपलीकडून शेजारच्या मथुराकाकूनं विचारलं, काय झालं? सासूबाईंनी मोठ्यानं सांगितलं. मांजरानं ते सहाही बांगडे मिटक्या मारत खाल्ले. पण मांजराची साक्ष कोण काढतो! संध्याकाळपर्यंत आळीभर झालं.

दुसऱ्या दिवशी हौसाबाई आली तेव्हा खळ्यात सासूबाई आणि मथुराकाकू दोघी उभ्या होत्या. मी दाराआड होते, हात पदरात लपवून.

"काय गो हौसा, शिळ्या माशांक सेंट मारूक लागलंस?"

हौसाबाईनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी जमिनीकडे बघायला लागले. तिला कळायला तेवढं पुरलं असणार. मला वाटलं, आता ही बोलणार. एका वाक्याचं काम होतं.

"मासे ताजेच होते, काकीनू," ती म्हणाली. "सेंट माज्या हाताक होतो. झिलान हाडल्यान, मी लावलंय."

"घोव मेल्यार सेंटाचो सोस?" मथुराकाकू म्हणाली. आणि सासूबाईंनी सांगून टाकलं की उद्यापासून इथे यायचं नाही.

म्हणजे तिनं न केलेल्या एका गोष्टीतून सुटायला न केलेली दुसरी कबूल केली, आणि लोकांनी दोन्ही तिच्या नावावर ठेवल्या. टोपली डोक्यावर चढवायला तिला नेहमी मी हात द्यायची. त्या दिवशी ती खाली बसली, टोपली आधी गुडघ्यावर घेतली, मग छातीशी, मग डोक्यावर. मी दारातून हलले नाही.

आमची आळी सुटली, मग बाजूची सुटली. मासेवालीचं नाव एकदा गेलं की कल्ले कितीही लाल असोत, लोक बोट लावून बघतात आणि पुढे जातात. हौसाबाई कुंभारमाठची घाटी चढून वर जायला लागली. तिथेही बातमी पोचली तेव्हा त्याच्या पुढे चौके गावापर्यंत, डोक्यावर टोपली घेऊन. रोज सकाळी ती आमच्या बेड्यावरून, फाटकासमोरून जायची. पूर्वीसारखी हाक नाही. मी खिडकीतून बघायची आणि मागे व्हायची.

चौसष्ट साली सासूबाई गेल्या. घर माझ्या हातात आलं. मासे कोणाकडून घ्यायचे हे आता मी ठरवणार होते, आणि मी ठरवलं काय, तर सासूबाईंनी लावलेली ती दुसरी मासेवालीच चालू ठेवली. मला हौसाबाईला तोंड दाखवायची लाज वाटत होती. रोज वाटायची, मनापासून वाटायची. आणि खरं सांगते, एवढी लाज वाटते म्हणजे आपण फार वाईट नाही, असं एक समाधानही मी त्यातून काढत होते. याची आज जास्त लाज वाटते.

सदुसष्ट सालच्या वैशाखात मी चौक्याला एका लग्नाला गेले होते. वाटेत शाळेजवळच्या आंब्याखाली हौसाबाई बसलेली दिसली. टोपलीत चारच बांगडे उरले होते. केस पांढरे झालेले, पाय पुढे पसरलेले, टाचांना भेगा. आता पळायला खिडकी नव्हती. मी तिच्यासमोर बसले आणि सात वर्षांचं एका दमात ओकून टाकलं.

"हौसाबाय, सेंट माज्या हाताक होतो. बांगडे मी साफ केलंय, आणि मी गप रवलंय."

"ता माका त्याच दिसा कळला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "नवी सून तू, भियालंस. म्हणान तर मी बोललंय. त्याचा माका काय्येक नाय."

मला रडू आलं. सुटले असं वाटलं, खोटं कशाला सांगू? मी डोळे पुसत होते तेव्हा ती पुढे बोलली.

"पण म्हातारी गेल्यार तू हाक मारतलंस, असा वाटला होता. माजे मासे ताजे, ह्या तुका ठावक होता. तीन वर्सां तुज्या बेड्यावयसून गेलंय, वयनी."

"माका लाज वाटत होती," मी म्हटलं.

तिनं टोपलीवरचं ओलं फडकं सारखं केलं आणि माझ्याकडे बघितलं.

"लाज तुका वाटली," ती म्हणाली, "आणि चौक्यापर्यंत चललंय मी."