लहानूभाऊंची विचारपूस

आता हसायचं तर आधीच हसून घ्या, कारण हे सांगताना मला अजून लाज वाटते. चांगलं करायला गेलो आणि एका गरीब माणसाच्या नोकरीवर उठलो!

सातपूरला एकेक कारखाना उभा राहत होता, तेव्हाची गोष्ट. आमचं गाव तिथून सायकलनं अर्ध्या तासावर. गावात आमचं तरुण मंडळ होतं. मंडळ म्हणजे काय हो? गणपतीत मांडव घालायचा आणि वर्षभर पारावर गप्पा हाणायच्या. एक दिवस आप्पांनी, म्हणजे आमच्या हेडमास्तरांनी, पारावरच गाठलं.

"लेकांनो, गावात कोण एकटं आहे, कोण आजारी आहे, ठाऊक आहे का? जाऊन विचारपूस करा जरा. माणसाला माणूस लागतो."

आप्पांचा शब्द म्हणजे कायदा. त्यात मी मंडळाचा सेक्रेटरी! मला चेवच चढला.

पेठ तालुक्याकडचे लहानूभाऊ नुकतेच गावात खोली घेऊन राहिले होते. एकटेच. दिवसभर दार बंद. एकदा दिसले, तर डोळे लाल, चेहरा सुकलेला. मी छातीठोकपणे जाहीर केलं, "माणूस आजारी आहे!"

मग काय विचारता! सकाळी नऊला मी दार वाजवलं. "लहानूभाऊ, बरं आहे ना?" ते डोळे चोळत उठले. "बरं हाय." अकराला मंडळातला शिवा पेज घेऊन गेला. दुपारी दोघं जण पत्ते घेऊन, तेवढीच करमणूक. चारला परत मी, काढा घेऊन. बिचारे दर वेळी उठायचे, दिलं ते प्यायचे, हात जोडायचे. चेहरा मात्र रोज जास्तच उतरायला लागला. मी म्हटलं, आजार बळावतोय, फेऱ्या वाढवा!

आठव्या दिवशी आप्पांचं बोलावणं आलं. मला वाटलं, शाबासकी! गेलो, तर लहानूभाऊ मान खाली घालून बसलेले.

"गाव लय मायेचं हाय गुरुजी," ते म्हणाले. "पण माझी रातपाळी असती. काल मशिनीवर डुलकी लागली. सायेब म्हणला, परत झोपलास तर घरी बस. पुढल्या महिन्यात पर्मनंट करणार व्हते मला."

रातपाळी! रात्री जागायचं ते पिकाला पाणी द्यायला, एवढंच आम्हाला माहीत.

"अहो, मग आधी का नाही बोललात?" मी विचारलं.

"मला वाटलं, नव्या माणसाला असंच करायची तुमच्या गावाची रीत असंल. नाय म्हणलं तर खोली जायची!"

आप्पा चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आठ दिवसांत एकदा तरी विचारलंस का, बाबा, तुला काय हवंय?"

नव्हतं विचारलं. मला गावानं चांगलं म्हणायला हवं होतं, बस्स. फार वाईट वाटलं हो. मग तिथंच विचारलं.

"दुपारी पोरं दारात लय कालवा करत्यात," लहानूभाऊ संकोचून म्हणाले. "तेवढं बघा."

घाबरू नका, पुढच्या महिन्यात ते पर्मनंट झाले. पण त्यात माझा वाटा किती, ते ऐका.

दुसऱ्या दिवशी काठी घेऊन त्यांच्या ओट्यावर पहारा द्यायला बसलो. पोरं हाकलली, कुत्री हाकलली. डोळा कधी लागला, कळलंच नाही. जाग आली तर डोक्याखाली उशी, खोलीचं दार सताड उघडं आणि लहानूभाऊ गायब!

"लहानूभाऊ कुठं गेले?" मी शेजारच्या ठकूमावशींना विचारलं.

"माझ्या गोठ्यात झोपल्यात," मावशी म्हणाल्या. "मला म्हणले, पोरगं दमलंय, उठवू नका. पण लय घोरतंय!"