पोफळेभाऊजी आणि मंडळाचा स्लॅब

सिमेंट परमिटवर मिळायचं त्या काळातली गोष्ट. हिंदी मुलखातल्या आमच्या टाउनशिपमधल्या मराठी मंडळाला गणपतीच्या स्टेजवर पक्कं छप्पर हवं होतं. खटपटी करून परमिट मिळालं, आणि काम आलं शेजारच्या पोफळेभाऊजींकडे. दत्तात्रय पोफळे, मूळचे वर्ध्याचे, कारखान्याच्या सिव्हिल सेक्शनमध्ये सुपरवायझर. पत्र्याचा शंकू ओल्या काँक्रीटने भरायचा, उचलायचा, आणि माल किती खाली बसतो ते बघायचं, हे त्यांचं रोजचं काम. फार पसरला तर पाणी जास्त, ताठ राहिला तर सळ्यांमध्ये शिरणार नाही.

"पोफळे, घरी वरणातसुद्धा पाणी मोजून घालता का हो?" मंडळाचे अध्यक्ष नेरकर विचारायचे.

"मोजतात की!" भाऊजींच्या पत्नी अलकावहिनी म्हणायच्या. "तरी पातळच होतं."

वैशाखातला मुहूर्त निघाला. पहिलं घमेलं कारखान्याच्या मोठ्या साहेबांच्या हातून पडायचं होतं. मुहूर्त चुकायला नको म्हणून नेरकरांनी गोविंदपुऱ्याहून आणलेला मिक्सर आधीच सुरू करायला लावला.

"साहेब आल्यावर पाणी घालू," भाऊजी म्हणाले.

"अहो, साहेबांना उन्हात ताटकळत ठेवायचं का?"

ताटकळलो आम्हीच. मी पूजेचं ताट धरून उभी. मुहूर्त टळला, साहेबांचा पत्ता नाही. तयार मालाचा ढीग उन्हात आळत चालला. भाऊजी सारखे त्यात हात घालून बघत होते. "गरम लागतोय. धरायला लागला," ते पुटपुटले.

अखेर साहेबांची गाडी आली. मिस्त्रीने घाईघाईने बादली उचलली. "साहब, दो बाल्टी पानी मारता हूँ, मक्खन हो जाएगा."

"नहीं!" भाऊजी ओरडले, तोवर बादली रिकामी झाली होती.

हार, नारळ झालं. साहेबांनी एक घमेलं टाकलं, फोटो काढला आणि गेले. माणसं पुढची घमेली उचलू लागली तसे भाऊजी शिडीच्या तोंडाशी आडवे झाले. "हा माल वर जाणार नाही. टाकलेला पण काढा."

"देवाचं काम आहे, पोफळे! देव सांभाळेल."

"दूध फाटल्यावर वरून पाणी ओतून सुधारतं का? खाली पोरं नाचणार आहेत."

मजूर त्यांच्याच सेक्शनचे, त्यांनी त्यांचंच ऐकलं. सगळा ढीग खड्ड्यात गेला. उरलेल्या पोत्यांत स्लॅब होण्यासारखा नव्हता, आणि अर्धा स्लॅब टाकायला भाऊजी तयार होईनात. नव्या परमिटसाठी ते जवाहर चौकातून बस बदलत कचेरीत खेपा घालत राहिले. "अगले महीने आइए," एवढंच ऐकून यायचे. मंडळात कोणी त्यांच्याशी धड बोलेना.

गणपती ताडपत्रीखाली बसला. पोरांचं नाटक ऐन रंगात आलं आणि पाऊस कोसळला. ताडपत्रीला पाण्याचा फुगा आला. भाऊजी बांबूने तो वर ढकलत उभे, पाणी त्यांच्याच बाहीतून उतरत होतं.

नेरकरांनी माइक घेतला. "पोफळेंच्या कृपेने आज आपण सगळे ओले!"

लोक हसले. भाऊजी बांबू न सोडता म्हणाले, "ओले झालात, घरी जाऊन अंग पुसाल. स्लॅब पडला असता तर?"

बांबू धरायला कोणी उठलं नाही. मी प्रसादाचं पातेलं अलकावहिनींकडे दिलं आणि दुसरा बांबू धरला.