एक जूनवाल्यांची रिटायरमेंट

सरकारी ऑफिसात फायली साचतात हे सगळ्यांना माहीत आहे. किश्शांचं कोणी बोलत नाही! घोडेगावातल्या आमच्या ऑफिसात मी आवक-जावकच्या टेबलावर बसतो. अनुभवाने सांगतो, आवक किश्शांचीच जास्त. जावक काही होत नाही, म्हणून आज थोडी करतो.

* * *

सकाळच्या चहाला पेपर वाचून दाखवायचं काम मंगलताईंचं. त्या अकाउंट्स सांभाळतात, आवाज खणखणीत.

एकदा बातमी आली की युरोपातले देश मोठ्या पेचात आहेत. तोफा-विमानांवर खर्च वाढवायचाय, पण पैसा आणायचा कुठून? कोणी म्हणतं, लोकांनी जास्त तास काम करावं. कोणी म्हणतं, रिटायरमेंटचं वय वाढवा. फौज, पेन्शन आणि सुट्ट्या, गोधडी एकच आणि पाय तिघांचे! एका देशाने तर सणाची सुट्टीच कायमची रद्द केली. त्या दिवसाच्या कामाचा पैसा फौजेला!

युद्धाचं ऐकून कोणी हातातली बशीसुद्धा खाली ठेवली नव्हती. सुट्टी रद्द म्हटल्यावर अख्खं ऑफिस उभं राहिलं.

"रणगाडे घ्या, विमानं घ्या," मंगलताई कडाडल्या, "पण सुट्टीला हात लावाल तर बघा!"

* * *

आमच्यात एक माजी सैनिक आहेत, पिंपरी पेंढारचे. चाळिशीच्या आत फौजेची पेन्शन घेऊन आले आणि आमच्याकडे क्लार्क झाले. सगळे त्यांना फौजीच म्हणतात.

"युरोपवाल्यांना म्हणावं, हिकडं या राव," फौजी मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "फौजंचा खर्च आन् पेन्शन, दोन्ही एकाच माणसात बसवलंय. बघा माज्याकडं!"

"आणि कामाचे तास?" मंगलताईंनी विचारलं.

फौजी बिस्किटं आणायला म्हणून उठले, ते जेवणाच्या सुट्टीनंतर उगवले.

* * *

आमच्या ऑफिसात निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जून. पूर्वी शाळेत नाव घालताना जन्माची नोंद कोणाकडे नसायची. मग आई-बापांनी सहा पुरी झाली म्हटलं, की गुरुजी सहा वर्षं मागे मोजायचे आणि एक जून ठोकून द्यायचे. आमचे शिपाई किसनमामा आणि त्यांचा थोरला भाऊ एकाच दिवशी शाळेत गेले, म्हणून कागदावर एकाच दिवशी जन्मले. जुळे नव्हेत!

नवे साहेब शहरातून आले. सर्व्हिस बुकं चाळता चाळता त्यांनी चष्मा काढला.

"काय हो, या तालुक्यात बाकीच्या महिन्यांत पोरं होत नाहीत का?"

"व्हत्यात की सायेब," किसनमामा म्हणाले, "पर गुरुजी जूनलाच येत्यात ना!"

* * *

माझा भाचा जर्मनीत एका कारखान्यात आहे. आठवड्याला पस्तीस तास काम!

"एवढा वेळ तर आपला सर्व्हर डाऊन असतो," मंगलताई म्हणाल्या.

एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याचा व्हिडिओ कॉल आला. शेजारी त्याचा जर्मन मित्र बसलेला. आपलं रिटायरमेंटचं वय अजून किती पुढे ढकलतात, या चिंतेने तो बिचारा अर्धा झालेला. त्याने भाच्याला विचारायला लावलं, तुमच्याकडे शेतकरी कितव्या वर्षी रिटायर होतो?

फोन तेव्हा किसनमामांच्या हातात होता. "आमच्याकडं? चार खांदंकरी जमलं, की झाला रिटायर!"

भाच्याने ते जर्मनमध्ये सांगितलं. मित्र म्हणाला, "हे आमच्या मंत्र्यांना कळू देऊ नका!"

आम्ही खो खो हसलो. मामा मात्र हसले नाहीत.

त्यांची आई ऐंशीच्या पुढची. तळेघरच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी. नवरा लवकर गेला, दोन्ही पोरं तिने एकटीने भात-नाचणीवर वाढवली, आणि अजूनही ती वाकून लावणी करते. मामा दर शनिवारी घरी जाऊन विनवायचे, आये, आता बस. तिचं उत्तर ठरलेलं. "तू कामाला जातूस न्हवं? मग मी कशी बसू? तू रिटायर व्हशील, त्या दिशी मीबी बसंन!"

"मला पेन्शनचं काय न्हाई भाऊ," मामा मला म्हणाले. "आयेच्या हातातलं खुरपं सुटलं पायजे."

मला फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून मामांच्या रिटायरमेंटची वाट मामांपेक्षा आम्हीच जास्त बघत होतो.

* * *

एक जूनवाला एकतीस मेला रिटायर होतो. यंदा मामांची पाळी आली. शिपायाला साठ पूर्ण लागतात, ती कागदावर झाली. निरोप समारंभाला मामांच्या आईला, म्हणजे आमच्या आजींना, मुद्दाम जीप पाठवून आणलं आणि पहिल्या खुर्चीवर बसवलं.

साहेबांनी भाषण केलं, शाल उचलली आणि आजींकडे वळले. "आजी, मामा साठ वर्षांचे झाले. आता तुम्हीही बसायचं. तसं कबूल केलंय तुम्ही!"

मामांचा चेहरा इतका फुललेला मी कधी बघितला नव्हता.

आजी उठून उभ्या राहिल्या. "साठ? कोन म्हन्तंय साठ?"

"शाळेच्या दाखल्यावर आहे, आजी."

"त्ये मीच सांगितलं व्हतं. थोरला सा वर्साचा व्हता, ह्यो चारचा. लावणीला ह्येला बांधावर बसीवला की लई रडायचा, काम करू द्यायचा न्हाई. म्हून थोरल्याबरूबर शाळंत धाडला, आन् गुरुजीला सांगितलं, सा पुरी झाली!"

साहेबांच्या हातातली शाल हातातच राहिली.

"आये," मामा कसेबसे म्हणाले, "आजपातूर बोलली न्हाईस!"

"आजपातूर कुनी इचारलं?" आजींनी पदर खोचला. "अजून दोन वर्सं हायेत तुजी. ती झाली की मी बसंन. चल आता, पेरा तोंडावर आलाय!"